लागू नाही

"वैजयंती, एक रिपोर्ट नंबर लिहून घे," डॉक्टर होनमोरे म्हणाल्या.

सकाळचे अकरा वाजले असतील. जून संपत आला होता. सांगलीतल्या आमच्या ऑफिसात इन्व्हर्टरचं काम चालू होतं आणि भिंतीला भोकं पाडणाऱ्या मशिनमुळे मला फोन कानाला घट्ट धरावा लागत होता. डॉक्टर होनमोरेंची मिरजेत पॅथॉलॉजी लॅब होती. आमची कंपनी लॅबना सॉफ्टवेअर पुरवायची. रक्ताचे आकडे त्यात भरले की रिपोर्ट तयार होऊन छापला जायचा. त्या आमच्या सर्वांत जुन्या ग्राहक. चिडल्या की 'अहो मॅडम' म्हणायच्या. त्या दिवशी त्या चिडलेल्या नव्हत्या.

मी नंबर लिहून घेतला.

"एक मार्चचा आहे," त्या म्हणाल्या. "कोळेकर म्हणून बाळ आहे, मुलगी. थायरॉइडची तपासणी, टीएसएच. उघड आणि मला सांग, तो आकडा लाल का नाही."

मी रिपोर्ट उघडला. टीएसएच चौतीस. आकडा काळ्या अक्षरात होता आणि शेजारी छापलं होतं, 'सामान्य मर्यादा: ३९ पर्यंत.'

"मर्यादेच्या आत आहे, म्हणून लाल नाही," मी म्हणाले.

"ती मर्यादा पहिल्या दोन-तीन दिवसांच्या बाळाची आहे. जन्मतारीख बघ."

जन्मतारीख होती तीस जानेवारी.

"तीस दिवसांची होती ती पोरगी," होनमोरे म्हणाल्या. "त्या वयाला दहाच्या वर गेलं की आपण धावपळ करतो. चौतीस! कावीळ उतरत नाही म्हणून गावातल्या डॉक्टरांनी तपासणी करायला पाठवलं होतं. त्यांनी कागद बघितला, लाल काही नाही, म्हणाले, ठीक आहे. काल ती आई तिला घेऊन इथल्या बालरोगतज्ज्ञांकडे आली. पाच महिन्यांची होत आली, मान धरत नाही. टीएसएच शंभराच्या वर गेलाय. आईनं जुना कागद पिशवीत जपून ठेवला होता. त्यांनी तो मला पाठवला." त्या थांबल्या. "सही माझी आहे त्यावर. दिवसाला दोनशे रिपोर्ट सही करते मी, वैजयंती. मी लाल शोधते."

मी म्हणाले, "बघून सांगते."

फोन ठेवला. भोकं पाडणारा माणूस शिडीवरून उतरून पाणी पीत होता. माझ्या हातात पेन होतं, ते मी टोपण लावून ठेवलं. काही वाटल्याचं मला आठवत नाही. लोक सांगतात, पायाखालची जमीन सरकली वगैरे. माझं तसं काही झालं नाही. मी डबा उघडून बघितला, भाजी कुठली आहे ते, आणि परत लावून ठेवला.

मग मी इम्तियाजला बोलावलं.

इम्तियाज नदाफ माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर लागलेला. कंपनीत प्रोग्राम लिहिणारे आम्ही पाच जण होतो. मी प्रमुख होते, पण अडलं की सगळे त्याच्याकडे जायचे, मीसुद्धा. तो उभ्यानंच स्क्रीनकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि जन्मतारीख तीस जानेवारी, तपासणी एक मार्च, असं भरून वय काढून बघितलं.

उत्तर आलं: एक दिवस.

त्यानं एकोणतीस जानेवारी टाकली, एकतीस टाकली. जानेवारीच्या शेवटच्या तीन तारखांना जन्मलेलं बाळ मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत तपासायला आलं, की आमचं सॉफ्टवेअर त्याला नुकतंच जन्मलेलं समजत होतं. मधला अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी त्याच्या हिशेबातून गळत होता. बाकी वर्षभर वय बरोबर यायचं.

"हा आपला कोड नाही," इम्तियाज म्हणाला. "तारखांच्या पॅकेजमधला आहे."

हे थोडं सांगायला हवं. कुठलंच सॉफ्टवेअर कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशेब, छपाई, अक्षरं, असल्या कामांसाठी जगात कोणीतरी लिहून ठेवलेली छोटी पॅकेजं असतात, ती घ्यायची आणि त्यांच्यावर आपलं काम उभं करायचं. आमच्या सॉफ्टवेअरखाली अशी एकशे चाळीस पॅकेजं होती. ती लिहिणारे लोक त्यात सुधारणा करत राहतात, नवी व्हर्जन काढतात. प्रश्न एवढाच असतो की ती नवी व्हर्जन आपण केव्हा घ्यायची.

आधी आम्ही आपोआप घ्यायचो. आदल्या वर्षी एका सोमवारी छपाईच्या पॅकेजचं नवं व्हर्जन आपोआप आलं आणि एकसष्ट लॅबमध्ये पेशंटच्या नावाच्या जागी चौकोन छापून यायला लागले. दिवसभर मी फोनवर बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी आमचे मालक शिरगुप्पे सर म्हणाले, "वैजयंती, हे तू ठरव. कसं करायचं ते तुझ्यावर."

मी ठरवलं, सगळी व्हर्जन लॉक करायची. एका फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचा नेमका नंबर लिहून टाकायचा. जग इकडचं तिकडे झालं तरी आपल्याकडे तोच नंबर राहील.

इम्तियाजचा त्याला विरोध नव्हता. तो एवढंच म्हणाला होता, "कर लॉक. पण मग महिन्याला कोणीतरी बसून नवीन काय आलंय ते वाचायला पाहिजे. नुसतं लॉक केलं तर चुकापण लॉक होतात."

"मी वाचीन," मी म्हटलं होतं. "दर महिन्याचा पहिला सोमवार."

आता त्यानं त्या पॅकेजचं पान उघडलं आणि खाली सरकवत गेला. आमच्यापुढे त्याची तीन व्हर्जन होऊन गेली होती. पहिल्याच्याच खाली एक ओळ होती. महिनाअखेरीच्या जन्मतारखांचं वय फेब्रुवारीनंतर चुकत होतं, ते दुरुस्त केलं आहे. तारीख नोव्हेंबरची. मुलीच्या जन्माच्या दोन महिने आधीची.

इम्तियाज स्क्रीनपुढेच बसून राहिला. मी डबा घेऊन जेवायला गेले.

दुपारी शिरगुप्पे सरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"आपण दर महिन्याला बघतो ना हे?"

"बघतो," मी म्हणाले. "हे नजरेतून सुटलं."

इम्तियाज माझ्या शेजारी बसला होता. तो टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"आकडा बरोबर छापला गेलाय," सर म्हणाले. "चौतीस म्हणजे चौतीस. तो वाचणं डॉक्टरांचं काम आहे. लाल रंग ही आपण दिलेली सोय. वकिलांशी बोलतो मी. तोवर दुरुस्ती गुपचूप सगळ्या लॅबना पाठवून द्या."

"सर, आणखी बाळं असतील तर?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा परत लावला. "शोधा," ते म्हणाले. "असतील तर मला न विचारता फोन करा."

दोन दिवस आम्ही तेच केलं. एकेका लॅबला फोन करायचा, परवानगी घ्यायची, जुनी नोंद तपासायची. इम्तियाज शोधायचा आणि मी फोन करायची. आम्ही कामाचं तेवढं बोलायचो. एकूण नऊ बाळं निघाली. सात जणांचे आकडे खऱ्या मर्यादेतही बसत होते. आठवी कोळेकरांची. नववा सांगोल्याकडचा एक मुलगा, टीएसएच बावीस.

मी त्याच्या वडिलांना फोन लावला. ते टेम्पो चालवत होते. "थांबा, गाडी बाजूला घेतो," म्हणाले. मी सांगितलं, रिपोर्टची मर्यादा चुकीची छापली गेली होती, बाळाला उद्याच डॉक्टरांकडे न्या, पुन्हा तपासा.

"लई झोपतंय ओ ते," ते म्हणाले. "आम्ही म्हणायचो, गुणाचं हाय."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, गोळी सुरू झाली. सकाळी चुरून दुधातून द्यायची एक बारीक गोळी, एवढंच औषध असतं. तो मुलगा पुढे चांगला झाला. त्याचे वडील अजून दिवाळीला फोन करतात. म्हणतात, "मॅडम, तुम्ही देवासारख्या फोन केलासा." मी म्हणते, "काळजी घ्या," आणि ठेवते.

शनिवारी डॉक्टर होनमोरे म्हणाल्या, "मी कोळेकरांच्या घरी जाणार आहे. माझी सही होती, मला जायला पाहिजे. तू येणारेस?"

सर नको म्हणाले होते. मी गेले.

कवठेमहांकाळ सोडून अर्धा तास आत गेल्यावर गाव लागलं. द्राक्षबागांच्या कडेला पत्र्याचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. आई तेवीस-चोवीस वर्षांची होती. छाया तिचं नाव. बाळ झोळीत होतं. होनमोरेंनी तिला उचलून घेतलं. ईश्वरी. गाल फुगलेले, जीभ किंचित बाहेर आलेली, डोळे उघडे, पण आमच्याकडे न बघणारे. होनमोरेंनी तिच्या हातात बोट दिलं. मुलीनं ते धरलं नाही.

"गोळी चालू केलीया," छाया म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, हुईल सुधारणा. किती हुईल त्ये सांगता येत न्हाई म्हणाले."

होनमोरे काहीही न लपवता बोलल्या. कागद चुकीचा होता. मर्यादा चुकीची छापली होती. मी न बघता सही केली. तेव्हाच गोळी सुरू झाली असती तर मुलगी इतर मुलांसारखी वाढली असती. त्यांनी माझी ओळख करून दिली. "ह्यांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे."

छायानं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती.

"म्हंजे मशिन चुकलं," ती म्हणाली.

"हो."

"आधी ठावं हुतं का कुणाला? त्ये चुकतंय म्हणून?"

होनमोरे माझ्याकडे वळल्या. त्यांनाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "कुणालाच माहीत नव्हतं."

छायानं मान हलवली. "मग काय करायचं," ती म्हणाली, आणि ईश्वरीला होनमोरेंच्या हातातून घेऊन खांद्यावर टाकलं. मुलीचं डोकं एका बाजूला कललं, ते तिनं तळहातानं सावरलं. त्यानंतर तिनं आम्हाला चहा दिला. मी तो पूर्ण प्यायले. मला त्याची चवही आठवते, आलं जास्त झालं होतं.

खरं काय होतं ते मी आता सांगते.

ईश्वरीच्या जन्माआधी, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी बसले होते. एकशे चाळीस पॅकेजांची यादी, त्यातल्या तेविसांचं नवं व्हर्जन आलेलं. तारखांच्या पॅकेजची ती ओळ मी वाचली होती. महिनाअखेरीच्या जन्मतारखांचं वय फेब्रुवारीनंतर चुकत होतं. मी ती नीट वाचली. मनात आलं, आपण लहान बाळांचं वय दिवसांत मोजतो, महिन्यांत नाही, आपल्याला काय करायचंय. दिवस मोजणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, तोच आहे का, हे उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. पण ते पॅकेज बदललं की सगळे रिपोर्ट पुन्हा तपासावे लागणार, पुन्हा एखादा चौकोनांचा सोमवार उगवणार, पुन्हा एकसष्ट फोन. मी पुढच्या ओळीवर गेले.

लॉक फाइल तपासली की आम्ही सोबत एक नोंद लिहायचो. त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिलं, 'तारखांचं पॅकेज: पाहिलं. आपल्याला लागू नाही.' अशी नोंद पुसता येत नाही. कोणी लिहिली, किती वाजून किती मिनिटांनी, सगळं कायमचं राहतं. कोणी मागे जाऊन बघितलं तरच दिसतं, एवढंच.

कोणी बघितलं नाही, असं मी धरून चालले.

वकिलांचं जे व्हायचं ते झालं. ईश्वरीच्या औषधोपचाराचा आणि व्यायामांचा खर्च कंपनीनं उचलला. शिरगुप्पे सरांनी त्यात हात आखडला नाही. होनमोरेंनी स्वतः सही करायचे रिपोर्ट निम्म्यावर आणले. आमच्याकडे नवी पद्धत आली: व्हर्जन लॉकच राहतील, पण नवीन काय आलंय ते दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि 'लागू नाही' लिहिणाऱ्यानं का नाही तेही लिहायचं. ही पद्धत मीच सुचवली. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. दुसरं वाचन इम्तियाज करायचा. साडेचार वर्षं आम्ही दर महिन्याला ते केलं, समोरासमोर बसून.

मग त्याला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला, समोसे झाले, सगळे आपापल्या जागेवर गेले. तो माझ्या टेबलापाशी आला, चार्जर गुंडाळत.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"ती डिसेंबरची नोंद. तू कुणाला सांगितलीस?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो चार्जरच्या वायरकडे बघत होता.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. सरांच्या केबिनमध्ये जायच्या आधी. तू जेवायला गेली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," तो म्हणाला. "आधी वाटलं, केबिनमध्ये बोलशील. मग वाटलं, त्या घरी गेल्यावर बोलशील. मग नुसताच थांबलो. आता मी जातोय, म्हणून विचारलं." त्यानं चार्जर बॅगेत टाकला. "मी पण बोललो नाहीच की. मला तुला काही म्हणायचा हक्क नाही."

त्यानं हात पुढे केला. मी तो हातात घेतला. तो गेला.

पुढच्या रविवारी मी एकटी बसनं कवठेमहांकाळला गेले आणि तिथून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं गावात. अंगणात आता फरशी होती. छाया शेंगा फोडत बसली होती. ईश्वरी तिच्याजवळ होती, पाच वर्षांची होऊन गेलेली, केस कापलेले, जाड भिंगाचा चष्मा. अडीच वर्षांची झाल्यावर ती चालायला लागली होती, हे मला फिजिओथेरपीच्या कागदांवरून ठाऊक होतं. आता ती एक-एक शेंग उचलून आईच्या सुपात टाकत होती. प्रत्येक शेंग टाकली की आईकडे बघायची. आई 'हां' म्हणाली की पुढची.

मी छायाच्या समोर फरशीवर बसले आणि सांगितलं. मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, आधी कुणाला माहीत होतं का. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. मी वाचलं होतं. मला वाटलं, आपल्याला लागू नाही.

ती शेंगा फोडत राहिली. हात जरा मंदावले, थांबले नाहीत.

"आता कशाला सांगितलासा?" ती म्हणाली.

सुपाबाहेर पडलेली एक शेंग मी उचलून आत टाकली.

"तवा सांगितलं असतंसा तर मी भांडले असते. रडले असते. तवाच झालं असतं त्ये." ईश्वरीनं शेंग टाकली. "हां," छाया म्हणाली. मग मला म्हणाली, "आता हे घिऊन मी कुठं जाऊ?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. ईश्वरीनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तो लांब गेल्यावर काढले. सूप भरलं, तसं छायानं ते बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"आमच्या सासूबाई," ती आवाज उतरवून म्हणाली, "त्यास्नी कागदाचं काय पटत न्हाई. अजून म्हणत्यात, पोरगं रडत न्हाई, हाक दिली तर बघत न्हाई, आईच्या ध्यानात कसं आलं न्हाई? पाव्हण्यारावळ्यात म्हणत्यात. माझ्या म्हायारला म्हणत्यात. पाच वर्सं झाली." तिनं दाराकडे बोट केलं. "आत हायत. आता मला जे सांगितलासा त्ये त्यास्नी सांगा. जसंच्या तसं."

मी उठले, चपला काढल्या आणि आत गेले.